खिडकीवाले आणि दारवाले

तुळिंजच्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला खिडकी आहे आणि समोरच्या भिंतीला दार. यात मासिकात लिहिण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचं माझं आयुष्य या दोघांच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या गर्दीत गेलं आहे. तिथे मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते.

मी मुळातच काळजी करणारी बाई. काळजीला काही कारण सापडलं नाही की हिला त्याचीच काळजी वाटते, असं आमचे हे म्हणायचे. विद्यार्थ्याची परीक्षा असली की माझं पोट बिघडतं. शाळेत असताना हे खपून जायचं, कारण मुलं नापास झाली तरी पुन्हा त्याच वर्गात माझ्यासमोर यायची. मोठ्या माणसांचं तसं नसतं. त्यांची नोकरी अडलेली असते, लग्न अडलेलं असतं, कुणाला मुलाच्या शाळेत पालकसभेला जायची भीती वाटत असते. मोठी माणसं नापास झाली की गप्प बसतात, आणि ते मला बघवत नाही.

आता थोडं धंद्याविषयी. इंग्रजीत माणूस सगळ्यात जास्त कुठे अडखळतो, असं विचारलंत तर लोक म्हणतील स्पेलिंगमध्ये, नाहीतर उच्चारात. मी सांगते, 'टू' आणि 'आयएनजी'मध्ये. मराठीत आपण 'मला पोहायला आवडतं' म्हणतो, 'मला पोहायचंय' म्हणतो, 'पोहणं चांगलं' म्हणतो, आणि यातलं काय कुठे वापरायचं याचा विचार करायला कुणी थांबत नाही. आईच्या दुधाबरोबर आलेलं असतं ते. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाची आवड वेगळी. 'एन्जॉय' आलं की पुढे 'स्विमिंग' लागतं, 'वॉन्ट' आलं की 'टू स्विम' लागतं. उलट केलंत तर चालत नाही. पुस्तकात याच्या लांबलचक याद्या असतात. लोक त्या पाठ करतात आणि बोलायची वेळ आली की यादी डोक्यात वरून खाली वाचत बसतात. तोवर समोरचा माणूस घड्याळ बघू लागतो.

म्हणून मी याद्या बंद केल्या आणि खोली वापरायला घेतली. खिडकीतून पुढचं दिसतं, कोण येतंय, काय व्हायचंय ते. त्यामुळे हवं असणं, आशा करणं, ठरवणं, बेत करणं, ही सगळी क्रियापदं खिडकीवाली. त्यांच्यापुढे 'टू'. दाराशी चपला काढलेल्या असतात, म्हणजे माणूस आलेला आहे, गोष्ट चालू आहे किंवा होऊन गेली आहे. त्यामुळे आवडीने करणं, संपवणं, टाळणं, ही दारवाली. त्यांच्यापुढे 'आयएनजी'. खिडकीच्या वर मी 'टू' लिहिलेला पुठ्ठा चिकटवला, दाराच्या वर 'आयएनजी'चा. मी क्रियापद ओरडायचं आणि वर्गाने उठून त्या बाजूला जायचं. हा नियम सरसकट लागू पडत नाही हे मला ठाऊक आहे. काही क्रियापदं हट्टी असतात आणि चुकीच्या भिंतीशी जाऊन बसतात. काही उंबऱ्यावर उभी राहून दोन्हीकडे तोंड करतात. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेवणं, 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावल्याचं आठवणं. यातल्या पहिल्यात मी कायम पास आणि दुसऱ्यात कायम नापास. कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही म्हणून रिक्षा अर्ध्या वाटेतून परत फिरवण्यात माझी हयात गेली.

वर्गात दुसरा एकच नियम होता. वाक्य खरं पाहिजे. 'आय एन्जॉय रीडिंग बुक्स' हे वाक्य मी बंद करून टाकलं होतं, कारण ते म्हणणाऱ्या कुणाच्याही घरात कॅलेंडरशिवाय काही वाचण्यासारखं नसायचं. आमच्याच इमारतीतले निवृत्त कारकून देसाईकाका या नियमावर बरेच दिवस रुसले होते. शेवटी एकदा दाराशी जाऊन त्यांनी ठणकावून सांगितलं, "आय एन्जॉय फायटिंग विथ सोसायटी सेक्रेटरी." वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून काकांचं इंग्रजी जे सुटलं ते सेक्रेटरींनाही आवरेना. पाठ केलेलं वाक्य आणि खरं वाक्य यातला फरक मला आवाजावरून कळतो. पाठ केलेल्या वाक्यात माणूस मध्ये कुठे श्वास घेत नाही, आणि त्याची नजर एका जागी खिळलेली असते.

हेमांगी माझ्याकडे आली ती पाठ केलेल्या उत्तरांचीच बळी म्हणून. गिरीज गावची मुलगी, वसईतल्या एका लहान रुग्णालयात नर्स. तिला परदेशात वृद्धांच्या एका केंद्रात नोकरी मिळत होती, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती. आधीच्या क्लासने तिच्याकडून दिवाळीवर एक झकास उत्तर घोकून घेतलं होतं. परीक्षेत विचारलं शेजाऱ्यांविषयी. हेमांगी घाबरली आणि तेच उत्तर शेजाऱ्यांना लावून मोकळी झाली.

"मॅडम, मी म्हटलं, माय नेबर इज अ फेस्टिव्हल ऑफ लाइट्स," ती मला सांगत होती, आणि सांगता सांगता हसू येऊन रडायला लागली. "मला काय झालं तेच कळलं नाही. टू लावू का आयएनजी लावू, तिथेच मी ब्लँक होते. मग पाठ केलेलं बोलून टाकते."

तिच्याबरोबर तिचे वडील यायचे. सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. केळी, नारळ आणि थोडी भाजी एवढी त्यांची बागायत. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बाप-लेक दोघंच. क्लास सुटेपर्यंत भाऊ दाराशी चपलांजवळ स्टूल टाकून बसायचे आणि येताना कधी केळफूल, कधी अळूची पानं घेऊन यायचे. वर्गाने त्यांना दारवाल्यांचा मॉनिटर करून टाकलं होतं. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण हेमांगी काही बोलली की ते माझ्याकडे बघून विचारायचे, "बरोबर बोलली ना, मॅडम?"

एकदा हेमांगी आत पाणी प्यायला गेली असताना मी त्यांना विचारलंच. "भाऊ, ती गेली तर तुम्ही एकटे पडाल. त्याचं काय?"

"तिला जाऊ दे, मॅडम," भाऊ म्हणाले. "इकडे काय ठेवलंय? विहिरीचं पानी पन आता पूर्वीचं राहिलं नाय, मचूळ लागतं. आनि गेली म्हनजे काय कायमची चाललीय? येनार ना परत."

केंद्राने हेमांगीची जागा धरून ठेवली होती, पण या खेपेचा निकाल हातात पडला नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. हे कळल्यापासून माझी झोप उडाली. हेमांगी मात्र सुधारत होती. सुरुवातीला ती उठून खिडकीशी जायची, मग नुसती तिकडे वळायची, मग बसल्या जागेवरून नुसती नजर टाकायची आणि वाक्य पुरं करायची. 'आय होप' म्हटलं की नजर खिडकीकडे, 'टू गेट धिस जॉब.' 'आय डोन्ट माइंड' म्हटलं की नजर दाराकडे, 'वर्किंग अ‍ॅट नाइट.' मला इतका आनंद व्हायचा की त्या नजरेत पुढे काय वाढून ठेवलंय, हे माझ्यासारख्या काळजीखोर बाईच्याही डोक्यात आलं नाही.

परीक्षा घरबसल्या, कॉम्प्युटरवर होती. गिरीजला तिच्या घरी इंटरनेट धड चालत नव्हतं म्हणून ती माझ्याच हॉलमध्ये द्यायची ठरली. नियम कडक होते. सुरुवातीला कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची, खोलीत दुसरं कुणी नको, भिंतीवर काही लिहिलेलं नको, कानात काही घालायचं नाही. मी आदल्या दिवशीच दोन्ही पुठ्ठे काढले. त्यांच्या जागी भिंतीवर दोन फिकट चौकोन राहिले, त्यांचीही मला काळजी वाटली. सकाळी मी दाराची बेल बंद केली, भाजीवालीला आज आमच्या खिडकीखाली ओरडू नकोस म्हणून हात जोडले आणि कुकर लावायचा नाही असं स्वतःला बजावलं. हेमांगीपेक्षा मीच जास्त वेळा देवापुढे उभी राहिले.

परीक्षा सुरू झाली तेव्हा मी आणि भाऊ स्वयंपाकघरात दार लोटून बसलो होतो. पलीकडून परीक्षा घेणाऱ्या बाईंचा आवाज येत होता आणि मधूनमधून हेमांगीचा. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग स्थिर झाला. मी डोळे मिटून तिची वाक्यं मोजूनमापून ऐकत होते. भाऊंना काहीच कळत नव्हतं आणि त्यामुळे त्यांना बसवेना. "जरा पाय मोकळे करून येतो," असं खुणेने सांगून ते मागच्या दाराने बाहेर पडले. मी मान हलवली. माझं लक्ष हॉलकडे होतं.

मध्येच पलीकडच्या बाईंनी तिला थांबवलं. तुम्ही सारख्या बाजूला का बघताय, असं त्या विचारत होत्या. तिथे तुम्हाला कुणी उत्तरं सांगतंय का?

मला एकदम सगळं दिसलं. पुठ्ठे मी काढले होते, पण हेमांगीच्या मानेत गेलेली खिडकी आणि दार कसं काढणार? ज्या सवयीवर मी इतकी खूश होते ती सवय पडद्यावर अगदी चोरीसारखी दिसत होती. प्रत्येक उत्तराआधी मुलगी बाजूला बघते आणि मग बरोबर बोलते, तर तिथे कुणीतरी उभं असणार, असंच कुणालाही वाटेल.

"प्लीज टर्न युअर कॅमेरा टुवर्ड्स द विंडो," बाई म्हणाल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बाईंचा आवाज आला, आता चांगलाच थंड. "हू इज दॅट मॅन?"

मी शेजारी पाहिलं. भाऊंचं स्टूल रिकामं होतं. भाऊ कुठे असणार ते मला न बघताच कळलं. खिडकीचे गज धरून, हातातल्या पिशवीतल्या केळ्यांसकट, ते आत टाचा उंचावून बघत असणार.

मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारावर हात ठेवला. बाहेर जाऊन सांगावं की बाई, यात हिचा काही दोष नाही, ही माझी शिकवण्याची पद्धत आहे, हे गृहस्थ तिचे वडील आहेत. पण खोलीत दुसरं माणूस शिरलं की परीक्षा रद्द, असं नियमात स्पष्ट होतं. मी गेले तरी बुडाली, नाही गेले तरी बुडाली. आयुष्यभर वर्गात मुलं अडली की मी शब्द पुरवत आले. आता माझ्या सगळ्यात गरजू विद्यार्थिनीला शब्द हवे होते, आणि मी दार धरून उभी होते. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि नाक ओढायचीही भीती वाटत होती.

आणि मग हेमांगी बोलायला लागली.

"मॅडम, दॅट इज माय फादर. ही डोन्ट नो इंग्लिश. ही नोज ओन्ली बनाना. ही इज लाइक धिस ओन्ली. व्हेन आय वॉज स्मॉल, इन माय स्कूल एक्झाम ऑल्सो, ही वॉज स्टँडिंग आउटसाइड, इन द सन, टिल आय फिनिश." मग तिने खिडकीकडे तोंड करून मराठीत म्हटलं, "बाबा, तुम्ही जा ना तिकडे लांब."

"झालं का गो?" भाऊंचा आवाज आला.

"नाही झालं. जा."

मग ती पुन्हा इंग्रजीत वळली. माझी खोली, माझी पद्धत, सगळं तिने त्या बाईंना सांगितलं. खिडकी कशाची, दार कशाचं, पुठ्ठे कुठे होते, त्यांच्या जागी फिकट चौकोन कसे आहेत. ते चौकोन कॅमेऱ्यात दाखवते म्हणाली, आणि बहुतेक दाखवलेही. देसाईकाकांचं वाक्यसुद्धा सांगितलं. "आय अ‍ॅम नॉट कॉपीइंग, मॅडम. आय अ‍ॅम ओन्ली लुकिंग व्हेअर माय टीचर पुट द वर्ड्स." तिने चुका केल्या. एरवी मी प्रत्येक चुकीला टाळी वाजवून थांबवलं असतं. पण ती कुठे अडखळत नव्हती, कुठे यादी वाचत नव्हती. तिला राग आला होता, वडिलांची लाज आणि माया दोन्ही वाटत होती, आणि ते सगळं त्या परक्या भाषेतून सरळ बाहेर येत होतं. इतकं चांगलं इंग्रजी ती त्याआधी कधीच बोलली नव्हती.

बाईंनी ऐकून घेतलं. उरलेली परीक्षा पुरी केली. शेवटी म्हणाल्या की झाल्या प्रकाराचं चित्रण तपासलं जाईल आणि तोवर निकाल राखून ठेवला जाईल.

ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. भाऊ दाराशी बसायचे ते खाली मान घालून. "माझ्यामुळं पोरीचं गेलं," एवढंच म्हणायचे. गेलं असलंच तर माझ्यामुळे गेलंय, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं, पण त्यांना पटेना. मी ते पुठ्ठे फाडून कचऱ्यात टाकले. पुन्हा परीक्षा द्यावी लागली तर, या धास्तीने मी हेमांगीला रोज कॅमेऱ्यासमोर बसवू लागले. नजर हलली की मी टाळी वाजवायची आणि तिने वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. हळूहळू ती शिकली. मान हलेना, पापणी लवेना, नजर समोर खिळलेली. पण बोलणं पुन्हा पहिल्यासारखं झालं, सपाट, बिनश्वासाचं. मला वाईट वाटायचं, आणि तरी मी टाळ्या वाजवतच राहिले.

एका दुपारी फोन आला. हेमांगी नुसती हुंदके देत होती, आणि मी अलीकडे फोन कानाला लावूनच देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. मग ती म्हणाली, "मॅडम, पास. स्पीकिंगमध्ये सगळ्यात जास्त मार्क आहेत." मी फोन ठेवला आणि पोटभर रडले. संध्याकाळी भाऊंनी केळीचं अख्खं लोंगर रिक्षात घालून आणलं आणि इमारतीत प्रत्येक दाराशी केळी वाटली. सेक्रेटरींच्या दाराशी देसाईकाका स्वतः गेले.

हेमांगी गेली. नवे पुठ्ठे मी पुन्हा चिकटवले, आता जरा धाकधुकीने. परीक्षेला बसणाऱ्यांना मी आधीच बजावते की बाबांनो, हे फक्त इथे.

भाऊंना फोनवरचा व्हिडिओ जमत नाही, म्हणून रविवारी ते माझ्याकडे येतात आणि आम्ही कॉम्प्युटरवरून तिला फोन लावतो. परवाच्या रविवारी ती छान दिसत होती. गाल भरले होते. तिथल्या आजींविषयी सांगत होती, एका आजीने तिला विणकाम शिकवायला घेतलंय, आता तिने एकटीने राहायला खोली घेतलीय, जाड कोट घेतलाय, पुढच्या थंडीत आणखी एक कोर्स करायचा विचार आहे. बोलता बोलता तिची नजर अधूनमधून एका बाजूला जायची, 'करायचंय' म्हणताना एकीकडे, 'आवडतं' म्हणताना दुसरीकडे. मराठीत बोलत होती तरी. समुद्रापलीकडे त्या मुलीच्या खोलीत माझी खिडकी आणि माझं दार अजून जागच्या जागी होतं, आणि मला अगदी भरून आलं.

मग भाऊंनी विचारलं, "गनपतीला येनार ना गो? यंदा लोंगरं चांगली धरलीत."

हेमांगीने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. मान हलली नाही, पापणी लवली नाही. "हो बाबा, येणार ना. नक्की येणार."

भाऊ खूश झाले. माझ्याकडे वळले आणि सवयीने म्हणाले, "बरोबर बोलली ना, मॅडम?"

वाक्य खरं पाहिजे, हा माझ्या वर्गाचा नियम मला आठवला. टाळी वाजवायला हात उचलला जातो की काय, अशी मला भीती वाटली, म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"बरोबर बोलली, भाऊ," मी म्हटलं.

पडद्यावर हेमांगी अजून समोरच बघत होती.